बिनगिलाव्याचा चौक

चंदीगड,
३ ऑक्टोबर २०२४

ती. वन्सं,

शि. सा. न. वि. वि. (साष्टांग घालताना कंबर धरते, म्हणून मनातल्या मनात घातला आहे. पोचला समजा.)

माझं अक्षर बघून दचकू नका. अबोला मोडलेला नाही. तुमच्या लीनाच्या लग्नात मी म्हणाले होते, या बाईशी उभ्या जन्मात बोलणार नाही. लिहिणार नाही असं म्हणाले नव्हते. सातवीपर्यंत शिकलेय, ते कुठेतरी वापरायला नको?

लीनानेच नगरपंचायतीच्या सभेचा व्हिडिओ मोबाइलवर पाठवला. पोरगी भोळी, तिला वाटलं मामी खूश होईल. त्यात तुम्ही उठलात, पदर खोचलात आणि माझ्या कैवल्यला, सख्ख्या भाच्याला, भर सभेत म्हणालात की हा आपल्या आईच्या नागड्या घरासारखा सगळा कडेपेठचा बाजार करायला निघालाय. सभा हसली. तुमचा सोन्याचा दात सगळ्यात जास्त हसला. कैवल्य इथे परत आला तेव्हा विचारलं, आत्या कशा आहेत. म्हणाला, आवाज ठणठणीत आहे. त्या दिवशी जेवला नाही नीट.

बोलायच्या नादात त्याचं तुम्ही काही ऐकलंच नाही, म्हणून मी सांगते. बायपास झाल्यापासून आपल्या जुन्या बाजारचौकात कुत्रं फिरकत नाही. सगळी गिऱ्हाइकी हायवेच्या दुकानांत. कैवल्य आर्किटेक्चरचा मास्तर आहे, त्याने चौकाच्या चारी बाजूंनी विटेच्या कमानींची ओसरी नकाशात काढलीय. उन्हात बायकांना सावली, म्हाताऱ्यांना बसायला कट्टे, मधे झाडं. वीट आपल्याच भट्ट्यांची, गवंडी आपलेच, आणि वरून गिलावा नाही, रंग नाही. आतल्या दुकानात तुम्ही काय वाट्टेल ती चमचम करा. पण तुमचं दुकान पडलं कोपऱ्यावर, दोन्ही बाजूंना तोंड असलेलं. तुमची संमतीची सही नसेल तर कमानी तिथे तुटणार आणि चौक पुढचा दात पडलेल्या बाईसारखा दिसणार. मागच्या वर्षी तुम्ही दुकानाला तो सोनेरी पत्रा ठोकलात, तो काढायचं जिवावर येतंय, एवढंच ना? लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी भलंमोठं चॉकलेट अर्धं सोलून ठेवलंय.

आणि नागडं घर म्हणालात ते. विश्वनाथ गेले तेव्हा घर भिंतींपर्यंत आलं होतं, गिलावा व्हायचा होता. ते मी केलं नाही, ही माझी चूक समजा. पण लीनाच्या लग्नात नवरदेवाकडच्यांना दिसू नये म्हणून त्या घराला तुम्ही मांडवाचं गुलाबी कापड गुंडाळलंत, खिडक्यांसकट. आत मी बसलेले. लोक विचारायचे, या घरात कुणी आजारी आहे का. ते मी विसरलेली नाही.

इथे चंदीगडात मोठमोठे साहेब उघड्या विटेच्या घरात राहतात आणि मिरवतात. एकदा या, डोळ्यांनी बघा. माझ्याकडे उतरा असं म्हणत नाही, तेवढा वेडेपणा दोघींनाही परवडायचा नाही.

लोभ आहेच तुमचा. फक्त तो आमच्या भिंतींवरून उतरून दुसरीकडे कुठे तरी वळावा, ही विनंती.

तुमची (कागदोपत्री) भावजय,
चित्रा


कडेपेठ,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. चित्रा हीस,

अ. उ. आ. मोठी आहे म्हणून द्यावे लागतात. त्यातले अर्धे कैवल्यला दे.

तुझं पत्र पोस्टमनने आमच्या ह्यांच्या हातात दिलं. कृष्णकांतरावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं आणि चॉकलेटाच्या ओळीला इतके हसले की मी संध्याकाळचा चहा बंद केला. तुझ्या पत्राची ही फळं.

आता माझं ऐक. तू गाव सोडून गेलीस, तुला तिकडची हवा लागली. मी उभा जन्म त्या चौकात बस्त्याची कापडं विकलीत. बस्ता बांधायला येणारी माणसं आधी दुकानाचं तोंड बघतात. तोंड चकाकलं तर आतला शालू चांगला. आपल्याकडे घराची वीट उघडी दिसली की लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर पैसा संपला, नाहीतर कर्ता माणूस गेला. आता सांग, अशा दारात कोण आपल्या लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायला येईल? कैवल्य पडद्यावर चित्रं दाखवत होता, अगदी छान होती, माणसं पण गोरीगोरी काढली होती. पण ती माणसं कडेपेठची नव्हती. आमच्या माणसांना कमानीखाली उभं केलं की त्यांना वाटणार, वीटभट्टीवर आलो. तूच सांग, वीटभट्टीवर कोण नथ घालून जातं?

गिलाव्याचं म्हणशील तर मी त्या वेळी कापड गुंडाळलं ते लीनाच्या भल्यासाठी. तुझ्या घराची लाज वाटत होती मला, वाटत होती, खोटं कशाला बोलू. ते माझ्या धाकट्या भावाचं घर होतं आणि तू ते तसंच ठेवलंस. बरं, कैवल्य कमवायला लागल्यावर तरी? तरी नाही. गाव म्हणतं, चित्राने विम्याचा पैसा चंदीगडला नेला. मी त्यांना गप्प करत नाही, कारण मलाही तेच वाटतं.

सभेने ठरवलंय, जानेवारीत शेवटचा निर्णय. तोपर्यंत कोपऱ्याची सही आली नाही तर कोपऱ्याच्या वाट्याचा निधी हायवेच्या एसटी स्टँडच्या कमानीला जाणार. बाकीचे दुकानदार तुझ्या पोराच्या बाजूचे झालेत, तोंड वर करून माझ्याकडे बघतात. बघू देत.

दिवाळीला लेकाकडे, कुणालकडे येतेय, तुमच्या चंदीगडजवळच्या एयरोसिटीला. हवाई दलाने त्याला तिथे नेलंय, नाहीतर मी कुठली येते. कैवल्यला सांग, आत्याला फिरवायचं असेल तर फिरव. तू गाडीत नको. तुझ्या घराची पायरी चढणार नाही.

कृपा आहेच, ती जास्त वापरू नकोस.

आसावरी


एयरोसिटी,
५ नोव्हेंबर २०२४

चि. चित्रा,

आशीर्वाद मागच्या पत्रातले शिल्लक असतील, तेच चालव.

इतक्या जवळ राहून पत्र लिहितेय म्हणून कुणालची बायको हसते. तिला म्हटलं, तुला मराठीतलं भांडण कळत नाही, तू पंजाबीतलं सांभाळ. हे पत्र तुझ्या सुनेच्या, हिमानीच्या हातात देतेय. पोरगी गोड आहे, मला आत्याजी आत्याजी करत होती आणि साडीचं कापड बोटांनी चाचपून बघत होती. गिऱ्हाईक ओळखते मी.

कैवल्यने काल सगळं दाखवलं. आधी सेक्टर १७चा बाजार. केवढं ते मोकळं फरसबंदीचं अंगण! मी विचारलं, इथे दुकानं का नाहीत घातली. म्हणाला, आत्या, चालायला जागा सोडलीय. मी म्हटलं, चालायला आम्ही शेतात जातो. तरी एक म्हातारा बाकावर बसून शेंगा खात होता, पोरं कबुतरांमागे पळत होती. ते बघून माझ्या पायाला बरं वाटलं, मीही बसले थोडा वेळ. हे तुला सांगायला नको होतं.

मग तो मला तुझ्या त्या साहेबांच्या विटेच्या घरांकडे घेऊन गेला. एकाला एक लागून, तांबूस, स्वच्छ, वेली चढलेल्या. मी वेली बघत राहिले. कैवल्यला वाटलं जिंकला. तेवढ्यात मला रांगेच्या शेवटचं घर दिसलं, चित्रा! गुलाबी! नखशिखांत गिलावा केलेलं आणि वरून गुलाबी ऑइलपेंट! मी सरळ फाटक उघडून घंटी वाजवली. कैवल्य रस्त्यातच थांबला, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एक सरदारणी बाहेर आली, मनमिळाऊ बाई, लस्सी दिली. तिला हिंदीत विचारलं, बाकी सगळी विटेची, तुमचंच असं का. तर म्हणाली, बहेनजी, मुलीचं लग्न होतं, मुलाकडचे येणार होते, म्हणतील बिचाऱ्यांचं घर अर्धवट राहिलंय. म्हणून आधी गिलावा केला, मग लग्न.

चंदीगडात! तुझ्या चंदीगडात! मला तर बाईला मिठी मारावीशी वाटली. मारलीच.

परत येताना कैवल्यने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाला की त्याला वीट आवडायला लागली ती आपल्याच गावच्या घरात. बाबा गेल्यावर शाळेतून आला की तो भिंतीकडे बघत बसायचा, एकेक वीट कशी दुसरीच्या मधोमध येते ते. म्हणाला, आई गिलावा करू शकली असती, तरी तिने केला नाही, कारण तिलाही ती भिंत तशीच सुंदर वाटायची. आईकडूनच मी हे शिकलो, म्हणाला. मला रडवायचा डाव असणार, पण मी खिडकीबाहेर बघितलं.

तेव्हा आता मला खरं सांग. तुला त्या भिंती आवडायच्या?

हे पत्र कैवल्यला दाखवू नकोस. मी सही करणार नाहीच.

आसावरी


चंदीगड,
६ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं,

नमस्कार. आज वाकून घातला, कारण तुमच्या प्रश्नाने कंबरच वाकवली.

नाही. अजिबात नाही. मला त्या भिंतींचा जीव जाईपर्यंत तिटकारा होता. पावसात ओल यायची, विटेची भुकटी पीठ भिजवायच्या परातीत पडायची, कोळ्यांनी प्रत्येक फटीत संसार थाटले होते. पाहुणा आला की मी दारातच उभी राहायचे म्हणजे त्याची नजर आत जाऊ नये. गिलावा करायचं ठरवलं होतं. गवंडी पक्का केला होता, वाळू अंगणात येऊन पडली होती. आणि तेवढ्यात तुमच्या लीनाचं लग्न ठरलं, आणि तुम्ही कापड घेऊन आलात.

वन्सं, त्या दिवशी मी आत बसून काय ठरवलं माहीत आहे? आता या घराला गिलावा करणं म्हणजे आसावरीबाई बरोबर होत्या असं गावभर दवंडी पिटणं. वाळू मी शेजारच्या शाळेला देऊन टाकली. त्यानंतर तुम्ही दुकानाला निघालात की माझ्या घरासमोरून नाक वर करून जायचात आणि मी मुद्दाम भिंतीला टेकून उभी राहायचे. तुमच्या नाकावर टिच्चून ठेवलं ते घर मी. दुसरं काही कारण नव्हतं. विम्याचं म्हणाल तर तो पोराच्या शिक्षणाला गेला, गावाला खुशाल सांगा.

आणि माझं येडं पोर त्याला सौंदर्य समजलं! आईचा हट्ट बघत मोठा झाला आणि त्यावर कॉलेज केलं, त्यावर मास्तर झाला, आता त्यावर चौक बांधायला निघालाय. परवा घरी येऊन नकाशे गुंडाळत बसला होता. अवनी, माझी नात, तुमच्याबरोबर गाडीत होतीच, त्याला म्हणाली, पापा, पिंकवालं घर मस्त होतं ना? त्याने तिला खोलीत पाठवलं. मला हसू आवरेना, पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले. त्याला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. तुम्ही सांगितलंत तर मी कडेपेठला येऊन तुमच्या सोनेरी पत्र्यावर शेण थापीन.

पण आता माझंही ऐका. मला उघडी वीट आवडत नाही. मला रिकामा चौक त्याहून आवडत नाही. तुमचं दुकान बंद व्हायला आलंय, हे लीनाने सांगितलंय, तुम्ही नाही सांगितलं. लग्नसराईत एप्रिलच्या उन्हात बाई हायवेवरून आत येईल ती पत्र्याची चमक बघून नाही, लेकराला घेऊन सावलीत टेकता येईल म्हणून येईल. सेक्टर १७ मध्ये तुम्हीच बसलात की, आणि लिहूनही बसलात.

नसेल करायची तर नका करू सही. पण बाळकृष्ण कापडवाल्याने कैवल्यला फोन केला होता. म्हणाला, कोपरा अडला तर काम माझ्या दुकानापासून सुरू करा, पहिल्या विटेची पूजा माझी मिसेस करील, फेटा मी बांधतो. तुमच्या समोरच्या दुकानाचा मान तुमच्या डोळ्यांदेखत. मी आपलं कानावर घातलं.

लोभ करायचा तर आता करा, जानेवारीनंतर त्याचा उपयोग नाही.

चित्रा


कडेपेठ,
२० जानेवारी २०२५

चित्रा,

मायना घालायच्या मनःस्थितीत मी नाही. सगळं तुझ्यामुळे झालं.

काल सभा झाली. मी विरोध करायला गेले होते, हे आधी लक्षात घे. सरदारणीचं गुलाबी घर सांगणार होते, लस्सीसकट. पहिल्या रांगेत बसले, पदर खोचला. पण बाळकृष्ण आधी उठला. कैवल्यला फोन केला तेव्हा तो तुमच्या बाजूने होता म्हणतेस ना? परवा त्याला कळलं की कोपरा आला नाही तरी पूजेचा मान नगराध्यक्षांकडे जाणार, याच्या बायकोकडे नाही. झालं, फिरला. म्हणाला, मुळात ही योजनाच अवलक्षणी आहे. ज्याने काढली त्याची आई विधवा, तिचं घर उघडं, तिच्या भिंतींची नक्कल आपल्या बस्त्याच्या बाजारात कशाला? लग्नाच्या पेठेवर विधवेची सावली कशाला पाडता, म्हणाला. आणि सभा हसली.

चित्रा, सप्टेंबरातही सभा हसली होती. माझ्याच बोलण्यावर हसली होती, आणि तेव्हा मला गोड वाटलं होतं. या वेळी माझ्या कानाचा जाळ झाला. त्या हसण्यात माझ्या विश्वनाथचीही चेष्टा होती. तो गेला म्हणून तर तू विधवा आहेस.

मी उभी राहिले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही, आमचे हे सांगतात त्यावरून लिहिते. मी म्हणाले म्हणे, की ती माझ्या भावाची बायको आहे. ती हट्टी आहे, तिरकस आहे, तिला सरळ बोलता येत नाही, तिच्या तोंडाला कुलूप नाही. पण तिला नावं ठेवायचा हक्क माझा एकटीचा आहे, तो मी कुणाला भाड्याने दिलेला नाही. असं म्हणून मी टेबलाजवळ गेले आणि सही केली. सही केल्यावर मला कळलं की मी सही केली. आमच्या ह्यांनी तोंडातला विडा गिळला आणि ठसका लागून बाहेर गेले. बाळकृष्णाची बायको आधीच बाहेर गेली होती, दोघं मिळून पाणी प्यायली.

अजून पुढे ऐक, कारण शिक्षा तुलाही आहे. लेखनिकाने विचारलं, काही अट? मी म्हटलं, आहे. पहिली वीट चित्रा विश्वनाथ बसवेल. पूजाही तिनेच करायची, नारळही तिनेच. माझ्या कोपऱ्यापासून काम सुरू. मग नगराध्यक्ष काय, गुरुजी काय, कुणाला काही म्हणायचं असेल तर दुकानात येऊन मला म्हणा. कुणी आलं नाही. सकाळपासून वाट बघतेय.

हे तुझ्या मानासाठी केलेलं नाही. गिलावा नसलेली वीट आवडत नाही म्हणतेस ना, आता तीच सगळ्या गावासमोर स्वतःच्या हाताने लाव. पुढे भिंतीला ओल आली की लोक मला नाही, तुला शिव्या देतील.

साडी माझ्या दुकानातली नेसायची. बाजूला काढून ठेवलीय. फिकी नाही. जांभळी आहे, काठ मोठा. नको म्हणालीस तर सही खोडते, पेन अजून माझ्याकडेच आहे.

अबोला तसाच राहील. त्या दिवशीही बोलायचं नाही.

आसावरी


चंदीगड,
२९ जानेवारी २०२५

ती. वन्सं,

शि. सा. न. वि. वि. या वेळी पुरा घातला. उठायला हिमानी लागली.

जांभळी चालेल. काठ किती मोठा ते हिमानीला मोबाइलवर फोटो काढून पाठवा, तिला तशीच हवी आहे. वर म्हणते, आत्याजींनी माझ्यासाठी डिस्काउंट द्यावा. मी सांगितलं, आमच्याकडे घरच्यांना जास्त लावतात.

कैवल्यला तुमची अट वाचून दाखवली. सभेत तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणालात तेवढं वगळलं, पण पोराने कागद हातातून घेऊन तेच आधी वाचलं. त्याची नजर वीट आवडत नाही त्या ओळीवर जायच्या आत मी तो काढून घेतला. मग मला म्हणाला, आई, आत्याला ती भिंत आवडायला लागलीय बहुतेक. मी म्हटलं, हो रे. खोटं बोलायचा मलाही आता सराव झालाय.

तुमच्या शिक्षेबद्दल आभार. नारळ मी फोडेन, पूजा करीन, गावाने काय म्हणायचं ते म्हणावं. विश्वनाथांच्या पश्चात मला कुणी पूजेला बोलावलं नव्हतं, आणि आता बोलावणारं कोण, तर तुम्ही! देवाची थट्टा माझ्यापेक्षा वाईट आहे.

एक मात्र सांगून ठेवते. पहिली वीट कुठे बसवायची ते नकाशात कैवल्यने तुमच्या कोपऱ्याच्या कडेला दाखवलं होतं. मी ते बदलून घेतलं. ती तुमच्या दुकानाच्या अगदी समोरच्या खांबाला, गल्ल्यावर बसलं की थेट डोळ्यांसमोर येईल अशी बसणार आहे. गिलावा नाही, रंग नाही, त्यावर कापड गुंडाळायला परवानगी नाही, हे तुम्ही सही केलेल्या कागदातच आहे. रोज सकाळी शटर वर केलंत की देवाच्याही आधी विधवेच्या हातची वीट दिसेल. आणि भवानी झाली, बस्त्याची माणसं ओसरीतून आत आली, तर वन्सं, मला कळवू नका. अबोला आहे.

येते. स्टेशनवर कुणाला पाठवू नका. तुम्हीच या, आणि गप्प बसा.

तुमची,
चित्रा